काफ दुखतो, कफ होतो



या महिन्याचा आपला शब्द अगदी छोटा आहे: काफ. इंग्रजीत लिहायला चार अक्षरं, त्यातलं ‘एल’ लिहायचं पण उच्चारायचं नाही. अर्थ विचारलात तर दुसरीतलं मूलही सांगेल, “गायीचं वासरू.” प्राणी आणि त्यांची पिल्लं हा तक्ता आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाठ केला आहे. डॉग-पपी, कॅट-किटन, काऊ-काफ. परीक्षेत पाच जोड्या, पाच गुण, आणि विषय संपला.

डभोईत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या अनुभवात हा शब्द पाच गुणांत कधीच संपला नाही. म्हटलं, आज त्याच्यामागे थोडं चालून बघू या. वासराच्या मागे चाललं की कुठे कुठे जावं लागतं हे गोठा असलेल्या घरातल्या माणसांना माहीत आहेच.

सुरुवात प्राण्यांपासूनच. इंग्रजीत काफ फक्त गायीचं नसतं. म्हशीचं रेडकूही काफ, हत्तीचं पिल्लूही काफ. जिराफ, गेंडा, पाणघोडा, उंट यांची पिल्लंही काफच. समुद्रात गेलात तर डॉल्फिनचं आणि देवमाशाचं पिल्लूसुद्धा काफ. म्हणजे आईचा आकार मोठा असला की पिल्लू बहुधा काफ, असा ढोबळ हिशेब मुलांना सांगता येतो. घोड्याला मात्र तो लागू नाही, त्याचं पिल्लू फोल.

मग हाच शब्द गोठा सोडून बाहेर पडतो. वासराच्या मऊ कातड्याला काफ म्हणतात. जुनी इंग्रजी पुस्तकं त्या कातड्यात बांधलेली असत, म्हणून जुन्या ग्रंथांच्या याद्यांमध्ये ‘काफ’ हा बांधणीचा प्रकार असतो. आयरिश समुद्रात ‘आइल ऑफ मॅन’ नावाचं बेट आहे, त्याच्या नैर्ऋत्य टोकाशी एक लहानसं बेट आहे. त्याचं नाव ‘काफ ऑफ मॅन’. मोठ्या बेटाच्या कुशीला उभं राहिलेलं छोटं बेट म्हणजे त्याचं वासरू! हे नाव ठेवणारे उत्तरेकडचे नॉर्स दर्यावर्दी होते. गायीजवळ वासरू उभं असतं तसं त्यांना ते दिसलं असणार.

आणि बर्फ. हिमनदी समुद्राला जाऊन भिडते, तिथे तिच्या तोंडाचा मोठा तुकडा कडाडकन सुटून पाण्यात पडतो आणि हिमनग होऊन तरंगू लागतो. या घटनेला इंग्रजीत ‘काव्हिंग’ म्हणतात, म्हणजे व्याणं. गाय व्याली तशी हिमनदी व्याली. १९१२ मध्ये टायटॅनिक ज्याच्यावर आदळली तो हिमनगही अशाच कुठल्या तरी हिमनदीचं वेत. भूगोलाच्या पुस्तकात हा शब्द आला की वर्गात हमखास हशा पिकतो, आणि मुलांच्या तो कायमचा लक्षात राहतो.

आता पाय. गुडघ्याच्या खाली, मागच्या बाजूला जो मांसल भाग असतो त्यालाही काफ म्हणतात. मुलं विचारतात, “टीचर, पायात वासरू कुठून आलं?” खरं म्हणजे ते आलेलंच नाही. शब्दकोशात हे दोन शब्द वेगवेगळे दिलेले असतात. वासराचा काफ हा जुन्या इंग्रजीतला, घरचाच. पायाचा काफ नॉर्स भाषेतून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन पाहुणे एकच सदरा घालून बसले आहेत, एवढंच.

एकदा सातवीच्या वर्गात मी हा भाग दाखवून विचारलं, “याला आपल्या भाषेत काय म्हणतात?” मराठी घरातल्या मुलांनी सांगितलं, पोटरी. गुजराती घरातल्या मुलांनी सांगितलं, पिंडी. “मारी पिंडी दुखे छे” हे गुजरातीत अगदी रोजचं वाक्य. पण मराठी मुलं खो-खो हसायला लागली, कारण त्यांच्या घरी पिंडी म्हणजे महादेवाची, आणि ती देवळात असते! मग फळ्यावर लिहिलं की संस्कृतात पिंड म्हणजे गोळा, त्यामुळे पायातला गोळा ही पिंडी आणि देवळातली ती पिंडी, दोन्ही बरोबर. हिंदीतली पिंडलीही त्यातलीच.

आपली पोटरीही एकाच जागी बसणारी नाही. शेतकरी म्हणतो, “गहू पोटरीत आलाय.” म्हणजे ओंबी अजून बाहेर पडलेली नाही, पण पानाच्या आवरणात तिचा फुगवटा दिसू लागला आहे. पायाची पोटरी काय, पिकाची काय, दोन्हीकडे पोटासारखा फुगवटा.

इंग्रजीत जिथे एका शब्दावर भागतं, तिथे मराठी गोठ्यात किती नावं! वासरू हे सगळ्यांचं नाव. मादी असली की कालवड, नर असला की गोऱ्हा. गोऱ्हा वाढला की खोंड, आणि जू मानेवर घ्यायला शिकला की बैल. म्हशीचं ते रेडकू किंवा पारडू, त्यातली वाढती मादी वगार. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, गोठ्याचं. तिथे कोणी ‘वासरू’ एवढंच म्हणालं तर पुढचा प्रश्न ठरलेला असे, “कालवड की गोऱ्हा?” कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर असे, दूध की नांगर.

बैलावरून आठवलं. आमच्या डभोईचं बैलांशी एक खास नातं आहे. १८६२ मध्ये खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला गेला. भारतातली ही पहिली नॅरोगेज. रूळ होते, डबे होते, पण ते ओढायला होते बैल. रुळांवर इंजिन नियमितपणे धावू लागलं ते पुढे काही वर्षांनी. मराठीत आणि गुजरातीतही रेल्वेला आपण आगगाडी म्हणतो. पहिली काही वर्षं आमच्या आगगाडीत आग नव्हती, वैरण होती! पुढे डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. आता तेही रूळ गेले. जानेवारी २०२१ पासून इथून ब्रॉडगेजची गाडी केवडियाला जाते, विजेवर. नाव मात्र आजही आगगाडीच. वस्तू बदलते आणि शब्द तसाच राहतो, मग जुना अर्थ माहीत नसलेल्या माणसाला तो शब्द कोड्यात टाकतो.

वासराच्या आपल्या सगळ्यात जुन्या शब्दाकडेही बघू या. तो म्हणजे वत्स. त्यावरून वत्सल, वात्सल्य. आईच्या मायेला आपण जो शब्द वापरतो त्याच्या पोटात गाय आणि वासरू आहे. गुजराती वाछरडुं आणि हिंदी बछडा हे त्याचेच वंशज. भाषेचे अभ्यासक वत्स आणि संवत्सर यांचं मूळ एकच मानतात, म्हणजे वत्स हे वर्षाचं झालेलं वासरू. लॅटिनमधला वासराचा शब्द ‘विटुलस’ याच कुळातला. त्याच्यापासून पुढे इंग्रजीत वासराच्या मांसाला ‘व्हील’ आणि लिहिण्याच्या पातळ कातड्याला ‘व्हेलम’ हे शब्द आले. एकाच वत्साच्या एका शाखेत वात्सल्य, दुसऱ्या शाखेत मांस. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा आठवली ती आपली वसुबारसेची कहाणी. ज्यासाठी आज लिहायला बसले तो विषय इथून पुढे आहे.

आश्विन वद्य द्वादशी, वसुबारस. कहाणी बहुतेकांना माहीत असेल, थोडक्यात सांगते. एक म्हातारी होती. तिच्या घरी गाई-म्हशी होत्या, आणि गव्हाळी, मुगाळी नावाची वासरं होती. शेतावर जाताना म्हातारीनं सुनेला सांगितलं की गव्हाळं-मुगाळं शिजवून ठेव. तिच्या मनात होते गहू आणि मूग. सून गोठ्यात गेली आणि तिनं वासरं शिजवली. दुपारी सासू घरी आली, पानात काय वाढलंय ते पाहून हादरली. देवापाशी बसून राहिली. संध्याकाळी गाई परत आल्या, हंबरायला लागल्या. देवाला दया आली, वासरं उड्या मारत आईपाशी आली. म्हणून त्या दिवशी बायका गहू आणि मूग खात नाहीत, गाय-वासराची पूजा करतात, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात.

लग्न होऊन डभोईत आले तेव्हा मला वाटलं, ही कहाणी आपलीच, आपल्याबरोबर इकडे आलेली. १७३१ मध्ये बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई याच डभोईच्या परिसरात झाली. पुढे गायकवाडांच्या राज्यात कितीतरी मराठी घरं या भागात वसली. तसेच सण आले, कहाण्या आल्या. पण पहिल्याच श्रावणात शेजारच्या बांनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, “आजे घउं न खवाय.” त्यांची बोळचोथ होती, श्रावण वद्य चतुर्थी. त्यांनी जी गोष्ट सांगितली ती ऐकून मी थक्क झाले.

त्यांच्या गोष्टीतही सासू आणि सून. सासू नदीवर आंघोळीला निघाली, जाताना म्हणाली, “घउंलो खांडून शिजव.” घउंलो म्हणजे गहू. पण घरातल्या वासराचं नावही घउंलो! सुनेनं वासराला मारून हंडीत शिजवलं. सासू आली, दोघींनी घाबरून ती हंडी उकिरड्यात पुरली. संध्याकाळी गाय आली, तिनं शिंगानं उकिरडा उकरला, हंडी फुटली आणि वासरू जिवंत बाहेर आलं, गळ्यात फुटक्या हंडीचा काठ घेऊन. म्हणून बोळचोथेला गहू खायचा नाही, कांडायचं नाही, सुरीनं काही चिरायचं नाही.

दोन भाषा, दोन तिथ्या, पण घोटाळा एकाच शब्दावर. गव्हाच्या रंगाचं वासरू म्हणून आपल्याकडे गव्हाळी, त्यांच्याकडे घउंलो. हिशेबही किती चोख बघा. आपल्या कहाणीत वासरं दोन नावांची, म्हणून गहू आणि मूग दोन्ही वर्ज्य. त्यांच्या गोष्टीत घउंलो एकटाच, म्हणून त्यांच्याकडे गहू नाही पण मूग चालतात. बा त्या दिवशी बाजरीचा रोटला आणि उकडलेले मूगच खात.

त्यातला ‘खांडून’ हा शब्द तर मराठी कानाला फारच भयंकर. गुजरातीत खांडवुं म्हणजे उखळात कांडणं. आपल्याकडे खांडोळी म्हणजे तुकडे. आणि घउंलो म्हटलं की आपल्याला आठवतात गव्हले, लग्नकार्यात खिरीसाठी बोटांवर वळतात ते. म्हणजे तेच वाक्य नव्या मराठी सुनेनं ऐकलं असतं तर तिसराच अर्थ निघाला असता!

दोन्हीकडे ही गोष्ट सांगताना सुनेला भोळी म्हणतात, वेडी म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. ती घरात नवी. वासराचं नाव काय, दाण्याला या घरात काय म्हणतात, हे तिला कोणी सांगितलं होतं का? सासूनं उंबऱ्यात उभं राहून अर्धं वाक्य टाकलं आणि चालू लागली. ज्याला शब्दाचा अर्थ माहीत असतो त्याला तो इतका उघड वाटतो की समोरच्याला तो माहीत नसेल हे त्याच्या मनातच येत नाही. आणि समोरचा विचारत नाही, कारण विचारलं तर “एवढंही कळत नाही?” हे ऐकावं लागेल. तुम्हीच सांगा, नव्या सुनेनं सासूला थांबवून “गव्हाळं म्हणजे कोणतं हो?” असं विचारणं पूर्वीच्या घरात किती सोपं होतं?

माझ्या सासूबाई बडोदा राज्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्या दरवर्षी वसुबारसेला कहाणी वाचत आणि पोथी मिटली की पहिलं वाक्य ठरलेलं, “कळलं नाही तर विचारायचं. मी चिडले तरी विचारायचं.” आधी हे त्या आपल्या लेकीला सांगत, मग मलाही सांगू लागल्या. त्या चिडत नसत असं नाही, पुष्कळ चिडत. पण उत्तर देत. मला सांगलीकडच्या, साताऱ्याकडच्या मराठीतून बडोद्याच्या मराठीत यायला त्या एका वाक्याचा फार उपयोग झाला. बाजारात ‘सिंग’ मागितली की शेंगदाणे मिळतात, ‘चोखा’ म्हटलं की तांदूळ, हे सगळं मी असंच विचारून शिकले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या नणंदेचा मुलगा अमेरिकेत असतो. फेब्रुवारीत घरातल्या लग्नाला आला होता, आठवडाभर राहून परत गेला. अहमदाबादहून निघून घरी पोहोचेपर्यंत त्याचे चोवीस तास गेले, त्यातले बहुतेक खुर्चीत बसून. तिसऱ्या दिवशी त्याचा आईला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, तेव्हा फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “आई, दोन दिवस काफ दुखतोय गं.”

वन्संनी ऐकलं, कफ. फेब्रुवारीचे दिवस, तिकडे थंडी, विमानातला गारवा. सगळं जुळत होतं. त्या म्हणाल्या, “मग रात्री हळदीचं दूध घे बघू गरम गरम.” तो म्हणाला, “हो, घेतो.” गंमत अशी की हळदीचं दूध आपण कफालाही देतो आणि मुका मार लागला, अंग दुखलं तरी देतो. त्यामुळे त्यालाही उत्तर बरोबर वाटलं. दोघांनाही वाटलं की आपलं बोलणं समोरच्याला कळलं. फोन बंद.

वन्सं स्वयंपाकघरात गेल्या आणि दुधाला विरजण लावताना थबकल्या. त्यांनी मला नंतर जे सांगितलं ते मराठीच्या बाईला शोभेलसं होतं. “अगं, कफ होतो, कफ साठतो, कफ सुटतो. पण कफ दुखतो असं कोणी म्हणतं का?” शब्द कानाला फसवून गेला होता, पण क्रियापदानं पकडून दिलं. कोणी दुसरी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, परदेशात राहून मराठी बिघडली असेल. वन्संनी विरजण बाजूला ठेवून परत फोन लावला.

“अरे, कफ दुखतो म्हणजे नेमकं कुठे दुखतंय? छातीत का?”

“छातीत नाही गं आई, पायात. काफ म्हणजे... ते आपलं... पोटरी!”

“दोन्ही पायांच्या?”

“नाही, डावीच. जरा सुजलीय. हात लावला तर गरम लागते.”

वन्सं डॉक्टर नाहीत. पण एकच पाय सुजलेला आणि गरम, हे ऐकून त्यांना ते साधं दुखणं वाटेना. त्यांनी त्याला सांगितलं, उद्यावर टाकू नकोस, आजच दाखव. तो कुरकुरला, पण गेला. सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करणारी औषधं लगेच सुरू झाली, काही महिने चालली, आता तो ठणठणीत आहे.

परदेशी जाणारी-येणारी मुलं आता आपल्या सगळ्यांच्याच घरात आहेत, म्हणून दोन ओळी याबद्दल. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास झाला तर पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळण्याचा धोका वाढतो. बहुधा एकाच पायाची पोटरी दुखते, सुजते, गरम किंवा लालसर होते. प्रवासानंतर काही दिवसांनीही हे होऊ शकतं. अशा वेळी तेल लावून चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवाला धोका असतो. एकदम दम लागला किंवा छातीत दुखू लागलं तर सरळ तातडीच्या विभागातच जावं. प्रवासात अधूनमधून उठून चालावं, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत, पाणी पीत राहावं. ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना आधी असा त्रास झाला आहे किंवा ज्या बायका गरोदर आहेत, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

या प्रसंगात कोणाची चूक होती का? मला तर दिसत नाही. बारा वर्षं तिकडे राहिलेल्या मुलाच्या तोंडात तोच शब्द आधी येणार. आणि दवाखान्यातली बाटलीसुद्धा जिथे ‘कफ सिरप’ म्हणून मिळते, तिथे आईच्या कानाला कफच ऐकू येणार. कहाणीतल्या घरात आणि या घरात फरक एवढाच की इथे कोणी तरी परत विचारलं.

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत आज तीन भाषा नांदतात. आजी मराठीत बोलते, बाजार गुजरातीत होतो, नातवंडं इंग्रजीत विचार करतात. कोणाच्या घरी गुजराती सून आहे, कोणाच्या घरी तमिळ जावई. शब्दांचे घोटाळे रोज होणार, आणि त्यातले बहुतेक हसण्यावारी जाणार. पण औषधाची गोळी सकाळी घ्यायची की ‘काल’, पैसे कुठे भरायचे, दुखतंय ते कुठे, अशा जागी घोटाळा परवडत नाही. तिथे मोठ्यांनी वाक्य पूर्ण बोलावं. हातानं दाखवता येत असेल तर दाखवावं. आणि लहान असो, नवी सून असो, कोणी “म्हणजे काय?” असं विचारलं तर “एवढंही कळत नाही?” हे उत्तर घरातून काढून टाकावं. सासूबाई चिडायच्या, तरी सांगायच्या. आपल्याला न चिडता सांगता आलं तर उत्तमच.

यंदा वसुबारसेला कहाणी वाचाल तेव्हा नातवंडांना जवळ बसवा. परदेशात असतील तर व्हिडिओवर बोलवा. गोष्ट ऐकून ती विचारतील, “आजी, तिनं विचारलं का नाही?” माझ्या वर्गातल्या मुलांनी दरवर्षी हा प्रश्न विचारला आहे. त्या प्रश्नाचं कौतुक करा, मग पुढचं वाचा.

गुजरातमध्ये त्याच तिथीला वाघबारस म्हणतात. काही जण ती मुळात वाक् बारस, म्हणजे वाणीची बारस, असं सांगतात. ते कसंही असो, गाय, वासरू आणि वाणी अशा तिघांची आठवण एका दिवशी झाली तर काय वाईट आहे?

पुढच्या महिन्यासाठी तुमच्याकडूनच शब्द हवे आहेत. तुमच्या घरात मराठी, गुजराती आणि इंग्रजी यांच्यात कोणत्या शब्दानं घोटाळा केला, हसवलं किंवा घाबरवलं, ते मला जरूर कळवा. निवडक किस्से आपण याच पानावर वाचू.

तोवर नमस्कार, आणि लांबच्या प्रवासात पोटऱ्या हलवत राहा!